तांबड्या पाण्यातला गळ

मृगाच्या पावसाने दोन दिवस जोर धरला की काजळी, शास्त्री, मुचकुंदी, अर्जुना, वाशिष्ठी या साऱ्या नद्या तांबड्या होतात. सड्यावरची जांभ्याची माती पऱ्यांतून उतरते, पाणी काठावर चढते आणि मासेही आपली जागा सोडतात. गोड्या पाण्यातले चढणीला लागतात, खाडीतले मोठे मुखाकडे सरकतात. रॉड-रीळ घेऊन गरवायला जाणारी मंडळी रत्नागिरी जिल्ह्यात आता सगळीकडे दिसतात आणि या दिवसांत त्यांच्यात एकच चर्चा असते: पाणी इतके गढूळ, ओढ इतकी जोराची, मग लावायचे काय? स्पून की स्पिनर, काळा की पिवळा, जड की हलका? प्रश्न रास्त आहे आणि त्याला अनुभवाने व शास्त्राने दिलेली चांगली उत्तरेही आहेत. पण माझे म्हणणे असे की ल्यूरच्या डबीत या प्रश्नाचे अर्धेच उत्तर सापडते. कोणते आमिष चालेल हे ठरवताना ते कोणत्या माशाला, त्याच्या आयुष्यातल्या कोणत्या घडीला वर काढील, याचा विचार त्याच वेळी करावा लागतो. तो विचार ज्याच्या त्याच्या चांगुलपणावर न सोडता जिल्ह्याने त्याचा नियम करावा. समुद्रात यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै बंदी असते आणि किनाऱ्यावर तिची शिस्त सर्वांना ठाऊक आहे. नदीतल्या आणि खाडीतल्या गळाच्या बाबतीत तशी शिस्त कुठे रुजलेली दिसत नाही.

आधी पाण्याचे पाहू. स्वच्छ पाण्यात मासा भक्ष्य डोळ्यांनी हेरतो, म्हणून तिथे रंग, चकाकी आणि दोऱ्याची बारीकी यांना महत्त्व येते. तांबड्या पाण्यात वीतभर खाली गेले की उजेड संपत जातो. दुकानात सर्वांत उठून दिसणारा लाल-नारिंगी ल्यूर अशा पाण्यात मागच्या रंगातच मिसळून जातो. माशाला दिसली तर फक्त आकृती दिसते, त्यामुळे वरून येणाऱ्या फिकट उजेडासमोर काळा किंवा गडद जांभळा रंग अधिक उपयोगी ठरतो. रंगापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे कंप. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेषा जाते आणि डोळ्यांना काही दिसत नसतानाही पाण्यातली थरथर तिला कळते. म्हणून गढूळ पाण्यात फिरत्या पात्याचा स्पिनर, पोटात खुळखुळणाऱ्या गोळ्या असलेला प्लग किंवा रुंद शेपटीचा रबरी मासा चालतो. पात्यांतही फरक आहे. गोल पाते पाणी जास्त ढवळते, पण ओढीत ल्यूरला वर उचलते. निमुळते पाते कमी थरथरते, पण वेगाच्या पाण्यात खाली टिकते. म्हणून कडेच्या संथ पाण्यात गोल पाते आणि ओढीच्या तोंडाशी निमुळते, असा व्यवहार जाणते लोक करतात. आकारही थोडा मोठा ठेवतात, कारण अशा पाण्यात लहान वस्तू माशाच्या जाणिवेत येण्याआधीच वाहून जाते.

पण वजनाच्या बाबतीत बहुतेक नवशिक्यांची समजूत उलटी असते. पाणी जोरात आहे म्हणून जड ल्यूर घ्यावा आणि नदीच्या मध्यावर फेकावा, असे त्यांना वाटते. मध्यावर मासा नसतोच. पुराच्या ओढीत उभे राहायला त्याला फार ताकद खर्च करावी लागते, म्हणून तो खडकामागच्या भोवऱ्यात, बुडालेल्या गवताच्या कडेला, पऱ्या जिथे नदीला मिळतो त्या कोपऱ्यात किंवा वळणाच्या आतल्या बाजूला थांबतो. आपल्या नद्या आखूड आहेत. सह्याद्रीच्या धारेपासून समुद्रापर्यंत त्यांना फार मोठा पल्ला मिळत नाही, आणि जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पाणी रात्रीत चढते आणि पावसाने उघडीप दिली की दिवसा-दोन दिवसांत उतरूही लागते. वाशिष्ठीचे गणित थोडे निराळे आहे. कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेले पाणी कोळकेवाडीमार्गे तिच्यात येते, त्यामुळे चिपळुणात पाऊस थांबला असतानाही पातळी हलू शकते. तिच्या काठाला मगरीही आहेत. वाशिष्ठीच्या पुरात कडेला उभे राहून गरवणाऱ्याने ल्यूरच्या आधी स्वतःच्या पायांखालची जागा पाहावी, हे इथे सांगितलेच पाहिजे. 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर तरी चिपळूणकरांना पाण्याचा वेग वेगळा समजावून सांगायला नको.

आता इथेच माझ्या मुद्द्याला सुरुवात होते. संगमेश्वरात सोनवी जिथे शास्त्रीला मिळते तशा जागा, पऱ्यांची तोंडे, कोंडींचे काठ या पुरातल्या विसाव्याच्या जागा आहेत. तिथे थांबलेला मासा पोट भरायला थांबलेला असेल, पण जून-जुलैत तो बहुतेकदा वर जाण्याच्या वाटेवर दम घेत असतो. खडस, मळ्या, शिंगटी, मरळ यांच्यासारख्या कितीतरी जातींची वीण पावसाळ्याशी बांधलेली आहे. नव्या पाण्याची चाहूल लागली की त्यांतल्या अनेक मुख्य पात्र सोडून लहान ओढ्यांत, भातखाचरांच्या कडेला, उथळ आणि खडी असलेल्या जागी जाऊन अंडी घालतात, कारण तिथे पिलांना खायला मिळते आणि मोठ्या भक्षकांपासून आडोसा मिळतो. वर जायची वाट अरुंद असते. गरवणारा जितका हुशार, जितके त्याला पाणी वाचता येते, तितका तो नेमक्या या अरुंद वाटेवर जाऊन उभा राहतो. एरवी नदीभर विखुरलेले मासे त्याला दोन-चार ठिकाणी एकवटलेले मिळतात आणि त्यांतल्या बऱ्याच माद्यांच्या पोटात गाभोळी असते. कौशल्य वाढले की नुकसानही वाढावे, असा हा काळ आहे. वर्षाच्या दुसऱ्या कोणत्याही काळात हे इतके खरे नसते. हिवाळ्यात त्याच कोंडीवर त्याच ल्यूरने धरलेला एक मासा म्हणजे एक मासा. आषाढाच्या तोंडाला धरलेल्या एका मादीबरोबर त्या वर्षीची तिची सारी वीण नदीतून जाते.

मासा ल्यूरवर तुटून का पडतो, हाही प्रश्न या संदर्भात महत्त्वाचा आहे. भूक हे एक कारण झाले. चीड आणि राखण ही दुसरी दोन. मरळीचे उदाहरण घ्या. नर-मादी मिळून पिलांची राखण करतात. पिले एका थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात, श्वासासाठी वर येतात तेव्हा तिथले पाणी बारीक बुडबुड्यांनी हलते, आणि त्यांच्या खाली आई-बाप गस्त घालत असतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात, तळ्यात, नदीच्या संथ कडांना हा थवा ओळखणे सोपे आहे. त्याच्यावरून रबरी बेडूक ओढला की खालचा मासा धावून येतो. तो भुकेने आलेला नसतो. पिलांवर काही चालून आले असे समजून आलेला असतो. त्याला उचलले की उघड्या पडलेल्या थव्यावर बाकीचे मासे तुटून पडतात. मरळ गरवणाऱ्यांपैकी जे याला विरोध करतात त्यांचे मी मनापासून कौतुक करतो, पण ज्यांना हा थवा म्हणजे हमखास मासा मिळण्याची खूण वाटते असेही आहेत. बेडकाच्या आकाराचा तोच ल्यूर ऑक्टोबरात वापरला तर त्यात काही वावगे नाही. म्हणजे आमिष चांगले की वाईट हे त्याच्या घडणीवरून ठरत नाही. ते कधी आणि कशावर टाकले यावर ठरते. म्हणूनच आमिषाच्या निवडीची चर्चा काळ सोडून करता येत नाही.

उत्तर अमेरिकेत हीच गोष्ट स्मॉलमाउथ बास या माशाच्या बाबतीत फार बारकाईने अभ्यासली गेली आहे. पुराच्या, वेगाच्या पाण्यात त्याला कोणता ल्यूर लावावा यावर तिथे अमाप लिहिले जाते. गढूळ पाण्यातल्या कंपाचे आणि गडद रंगाचे जे सांगितले, त्यातला बराच अनुभव त्याच माशावर तावून सुलाखून निघालेला आहे. पण त्या माशाचा नर खडीत घरटे करतो आणि अंड्यांची, पिलांची राखण करतो. राखण करणारा नर गळाने उचलला की इतर मासे घरट्यावर येऊन अंडी खातात, आणि तो लगेच सोडला तरी परत येईपर्यंत नुकसान झालेले असू शकते, हे तिथल्या जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. म्हणून कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत बासचा हंगाम जूनच्या उत्तरार्धात उघडतो, वीण बऱ्यापैकी आटोपल्यावर. ल्यूर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा, लाखो हौशी गरवणाऱ्यांचा तो मुलूख. तिथे छंदाला मान आहे आणि म्हणूनच त्याला वेळेची मर्यादाही आहे. आपण त्यांचे ल्यूर विकत घेतले, त्यांची पकड आणि फेक शिकलो. त्या छंदाभोवतीची शिस्त मात्र मागवायची राहिली.

कुणी म्हणेल की बास हा परका मासा, त्याचे आपल्याला काय? तर मग खाडीतला जिताडा घ्या, ज्याला काही जण खजुराही म्हणतात. वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला, काजळी भाट्याला, मुचकुंदी पूर्णगडला समुद्राला मिळते. पूर ओसरू लागला की या खाड्यांत गोडे तांबडे पाणी हलके असल्याने वर राहते आणि खालून भरतीचे जड खारे पाणी आत शिरते. जिताडा त्या सीमेच्या आसपास, पुलाच्या खांबांमागे, खारफुटीच्या मुळांशी उभा असतो. वरच्या लाल थरातून खाली जाणारा, जड डोक्याचा, रुंद शेपटीचा ल्यूर ओहोटीच्या पहिल्या तासांत त्याला बरोबर सापडतो. इथवरचे कौशल्य मान्य. पण हा मासा जन्माला येतो तो नर म्हणून आणि काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. लांबी मीटरच्या जवळ येईपर्यंत बहुतेकांचे रूपांतर झालेले असते. म्हणजे फोटोत दोन्ही हातांवर मावत नाही असा जिताडा जवळपास नेहमी मादी असतो, आणि अशा एका मोठ्या मादीत अंडी कोटीच्या घरात असू शकतात. वर्षभर गोड्या किंवा मचूळ पाण्यात राहिलेला हा मासा वीण घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो तोही पावसाच्या दिवसांत. मोठा ल्यूर मोठा मासा निवडतो. पुराच्या पाण्यात आकृती दिसावी म्हणून आपण ल्यूर मोठा करतो आणि त्याच निर्णयाने, कळत नकळत, विणीच्या माद्यांना वेगळे काढतो.

हाच मासा ऑस्ट्रेलियात बॅरामंडी नावाने ओळखला जातो आणि तिथल्या हौशी गरवणाऱ्यांचा तो सर्वांत लाडका मासा आहे. क्वीन्सलंडच्या पूर्व किनाऱ्यावर त्याला 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी असा बंदीचा काळ आहे. दक्षिण गोलार्धातल्या त्या किनाऱ्यावर पावसाची सुरुवात त्याच महिन्यांत होते. त्याखेरीज 58 सेंटीमीटरहून लहान आणि 120 सेंटीमीटरहून मोठा बॅरामंडी ठेवता येत नाही. खालची मर्यादा लहानग्यांना एकदा तरी विणीपर्यंत पोचू देते आणि वरची मर्यादा मोठ्या माद्यांना राखते. आपल्याकडे खालच्या मर्यादेची चर्चा कधीमधी होते. वरच्या मर्यादेची होतच नाही, कारण मोठा मासा धरणे ही आपल्याला निखळ अभिमानाची गोष्ट वाटते.

मग करायचे काय, हे स्पष्ट सांगतो. भरतीचे पाणी जिथवर पोचते त्याच्या वरच्या साऱ्या नद्या-पऱ्यांत 1 जून ते 31 जुलै रॉड, रीळ आणि कृत्रिम आमिष पूर्ण बंद असावे. समुद्राच्या तारखा लोकांच्या पाठ आहेत, त्याच इथे लावाव्यात. नव्या लक्षात ठेवायला लावू नयेत. खाडीत गळ चालू ठेवायला हरकत नाही, पण तिथे ल्यूरवर तीन तोंडांचे गळ न लावता एकच गळ लावावा आणि त्याचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. तीन तोंडांचा गळ माशाच्या कल्ल्यात, डोळ्यात, गालात एकदम रुततो. तो काढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ मासा पाण्याबाहेर गुदमरतो. एकेरी, दाबलेला गळ क्षणात सुटतो. सोडायचा मासा जिवंत परत जावा असे वाटत असेल तर ल्यूरच्या रंगापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी आहे. जिताड्याला लांबीच्या दोन्ही मर्यादा असाव्यात. नेमके आकडे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाने आपल्या खाड्यांत मोजमाप करून ठरवावेत. तोवर साठ सेंटीमीटरखालचा आणि मीटरवरचा मासा सोडून द्यावा, एवढे सुरुवातीला पुरे. पिलांच्या थव्यावर ल्यूर टाकणे बाराही महिने गैर मानले जावे.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा: रॉडवाले किती आणि त्यांचे मासे किती? पऱ्याच्या तोंडाला बारीक आसाचे नायलॉनचे जाळे आडवे लावणारे, ब्लीचिंग पावडर टाकणारे, बॅटरीच्या तारा पाण्यात सोडणारे मोकळे फिरतात आणि तुम्ही छंदवाल्यांच्या मागे लागता. आक्षेपातले निरीक्षण खरे आहे. विष टाकून किंवा स्फोटाने मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरवले. त्याच्याही आधी, 1873 मध्ये, डॉ. फ्रान्सिस डे यांनी गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर सरकारला दिलेल्या अहवालात लहान आसाची जाळी आणि चढणीच्या वाटेवरच्या अडवणुकीची हानी मांडली होती. त्याच वर्षी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक आले. गळाने मासे धरण्यावरचे ते पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने दक्षिण कानडा जिल्ह्यात अधिकारी असताना मत्स्यसंवर्धनाचाही पाठपुरावा केला होता. गरवणारा आणि नदीची बाजू घेणारा एकच माणूस असू शकतो, याचे हे जुने उदाहरण. आज नदीकाठी सर्वांत जास्त वेळ उभा राहणारा, पाण्याचा रंग, वास, मेलेले मासे सर्वांत आधी पाहणारा माणूस रॉडवालाच आहे. विषाची तक्रार करायला त्याच्याइतका योग्य माणूस नाही. पण स्वतःवर काहीच बंधन न घेतलेल्या माणसाच्या तक्रारीला गावात वजन येत नाही. छंदाने आधी स्वतःला नियम लावून घेतला तर जाळ्याच्या आणि विषाच्या विरोधात तो ताठ मानेने बोलू शकेल.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे आणि मी त्याला फार मान देतो. चढणीचे मासे ही कोकणातल्या गरीब घरांची पावसाळ्याच्या सुरुवातीची पर्वणी आहे. समुद्र बंद, सुके संपत आलेले, शेतात लावणीची धांदल, हातात पैसा नाही. अशा वेळी रात्री बत्ती घेऊन पऱ्यावर गेलेल्या माणसाने चार मासे आणले तर त्याच्या ताटात हात घालायचा हक्क कुणाला? मला तो हक्क नको आहे. म्हणूनच वरची बंदी मी रॉड, रीळ आणि कृत्रिम आमिषापुरती सुचवली आहे. हजारोंचा रॉड घेऊन गाडीने येणाऱ्याला दोन महिने थांबण्याने उपास घडत नाही. ज्याच्यासाठी मासेमारी हौस आहे त्याने आधी आणि जास्त थांबावे, ज्याच्यासाठी ते जेवण आहे त्याने नंतर आणि कमी, हा न्यायाचा साधा क्रम आहे. घरापुरते धरणाऱ्यांना एकच अट असावी: पऱ्याचे निम्मे पात्र मोकळे राहिले पाहिजे. जुन्या बांबूच्या सापळ्यांतून, पागातून बरेच मासे निसटत; नायलॉनच्या बारीक जाळ्याने आडव्या बांधलेल्या पऱ्यातून वर काहीच जात नाही. गावातली म्हातारी माणसे आज चढण कमी झाल्याचे सांगतात तेव्हा नुकसान सर्वांत आधी त्याच घरांचे होत असते, ज्यांच्या नावाने ही मुभा मागितली जाते.

तिसरा आक्षेप मोठ्या कारणांकडे बोट दाखवतो. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीत मासे मरण्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत. नद्यांवर धरणे आणि बंधारे झाले, त्यांच्या पायथ्याच्या उंच काँक्रीटवरून मासा उडी मारू शकत नाही. 2021 नंतर गाळ उपसताना नदीतळाची उलथापालथ झाली. या सगळ्यापुढे एका ल्यूरचे काय? ही कारणे मोठी आहेत यात वाद नाही, आणि त्यांच्याविरुद्धची लढाई वेगळी व अधिक कडक हवी. पण वाट जितकी आखूड आणि खराब झाली तितके तिच्यावरून वर पोचणारे मासे थोडे. ते थोडे म्हणूनच प्रत्येकाचे मोल वाढते. मोठे कारण हटेपर्यंत लहान कारणाला मोकळीक, हा युक्तिवाद उरलेल्या माशांना परवडणारा नाही. याला जोडून दुसरा उपाय सुचवला जातो तो बीज सोडण्याचा: मासे कमी झाले तर हॅचरीतून आणून सोडू. त्याचा धडा महाराष्ट्रातूनच निघाला आहे. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात खडस या महासीरच्या जातीचे कृत्रिम प्रजनन यशस्वी झाले, ते काम मोलाचे आहे. पण तिथला खडस कावेरीत सोडला गेला आणि त्यानंतर कावेरीचा स्वतःचा कुबड असलेला महासीर झपाट्याने मागे पडत गेला. बाहेरून आणलेले बीज नदीतल्या मूळ माशाची जागा घेऊ शकते. आपल्या नद्यांत जे जिवंत आहे त्याला वर जाऊ देणे हा उपाय स्वस्त आहे आणि त्यात असा धोका नाही.

ही कावेरीची घसरण कळली कशी, हेही सांगितले पाहिजे, कारण त्यात गळ सरसकट बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर आहे. गळिबोरेच्या छावणीत मासे धरून सोडणाऱ्या हौशी लोकांनी 1998 ते 2012 या काळात आपल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. शास्त्रज्ञांनी त्या तपासल्या तेव्हा दोन जातींचे बदलते प्रमाण वर्षावर्षाने डोळ्यांसमोर आले. नदीत उतरून इतके दिवस मासे मोजायला कुणाही सरकारी खात्याकडे माणसे नसतात. गरवणाऱ्यांना हाकलून लावले तर नदीवरची ही नजर जाते आणि विष टाकणाऱ्याला रान मोकळे होते. गळाने माशाला इजा होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून तर एकेरी, दाबलेला गळ आणि बंदीचा काळ. या मर्यादेत राहून केलेली गरवणूक नदीला जे देते ते तिने घेतलेल्यापेक्षा जास्त असू शकते, असे मला वाटते. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, सागरी जीवशास्त्राचे संशोधन केंद्र आहे, आणि 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा ठरवणारे शासनही माशांबाबत उदासीन आहे असे म्हणता येणार नाही. काजळी-शास्त्रीतल्या माशांची वर्षानुवर्षांची नोंद तेवढी उभी राहायला हवी.

राहता राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. मत्स्यव्यवसाय विभागाकडे प्रत्येक पऱ्यावर उभा करायला माणूस नाही आणि कधी असणारही नाही. पण राखण करायला खात्याचा माणूसच लागतो असे नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून कुणी गळ टाकत नाही. तिथे खडस पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे तो गावाच्या शब्दावर. प्रत्येक कोंड देवाची करता येणार नाही, पण प्रत्येक कोंड कुठल्या ना कुठल्या गावाची असतेच. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी ऑगस्ट ते मे या काळासाठी रॉडने गरवणाऱ्यांना नाममात्र शुल्कात हंगामी पावती द्यावी आणि शुल्क गावाकडेच राहावे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हौशी माणसाशी गावाचे नाते तयार होईल आणि जून-जुलैत काठावर दिसणारा रॉड कुणाच्याही लक्षात येईल. खाडीत भाट्ये, जयगड, दाभोळसारख्या ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांनी हेच करावे, त्यांची पावती बारमाही असावी. पावतीच्या मागच्या बाजूला मासा कधी, कुठे, कोणत्या आमिषावर मिळाला, त्याची लांबी किती आणि तो ठेवला की सोडला, हे लिहायला जागा असावी. हंगाम संपला की त्या पावत्या शिरगावला जाव्यात. जिताड्याच्या लांबीच्या मर्यादा नेमक्या किती ठेवाव्यात आणि चढण खरोखर कोणत्या तारखेला सुरू होते, हे दोन-तीन वर्षांत त्यांवरूनच ठरवता येईल, आणि 1 जूनची तारीख काही पऱ्यांसाठी चुकीची निघाली तर ती बदलताही येईल.